डब्यातला गूळ

आई, मी लासूर स्टेशनला जळालेल्या मोटारींच्या वायंडिंगचं काम करायचो, दुकानातच झोपायचो, तेव्हाचं हे आहे. मालक महिन्यातून चारच दिवस सुटी द्यायचा, आणि ती कधी घ्यायची ते तू ठरवायचीस. तुझी सून बाहेर बसून पाचव्या दिवशी न्हाली, की तू माझ्या डब्यात भाकरीवर गुळाचा खडा ठेवायचीस. आपल्या हर्सूलच्या शेजारचे चाचा कांद्याच्या व्यापाराला रोज गाडीनं लासूरला यायचे, माझा डबा तेच आणायचे. डबा टेकवत हसायचे, "अम्मा गुड भेजे, जाव बेटा घर कू." मी हर्सूलला यायचो, चार दिवस राहून परत जायचो. न्हाल्याबरोबर रान वाफशावर असतं, पेरलं तर तेव्हाच रुजतं, मग नाय, असं तू हिला समजावलं होतंस. वर्षामागून वर्षं गूळ येत राहिला, पाळणा हलला नाही. मावशीनं दुसरीचा विषय काढला, तर तू चुलीपुढून न उठता म्हणालीस, "माझ्या सुनेला बोलायचं असंल, तर या घरचं पाणी पिऊ नको." शेवटच्या आजारात मला मात्र हळूच विचारलंस, "गूळ वेळेवर पोचतो ना रे?" मी म्हणालो, व्हय. पोचतच होता.

तू गेल्यावर मी लासूर सोडलं, हर्सूललाच दुकान टाकलं, आणि वर्षाच्या आत मुलगी झाली. सगळे म्हणाले, म्हातारी परत आली. मी शाळा फार शिकलो नाही, पण कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढं छावणीतल्या एका दवाखान्यात पंखा बसवताना स्टुलावर उभ्यानंच भिंतीवरचा तक्ता वाचून काढला. दिवस राहण्याचा संभव पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी, त्याच्या आधीचे चार-पाच दिवस धरून. हिची पाळी तर महिना उलटून यायची. म्हणजे न्हाऊन आठवडा उलटल्यावर ते दिवस यायचे, तेव्हा मी लासूरला तांब्याची तार गुंडाळत बसलेलो असायचो. तू इतक्या नेमानं मला बोलवत होतीस, आई, आणि नेमके दिवस सोडून बोलवत होतीस.

घरी येऊन हिला सांगितलं. पीठ मळता मळता ती थांबली. "आत्याबाईंचं चुकलं, असं पोरीपुढं बोलू नका," म्हणाली. "त्या दिवशी माझ्याही हातावर खडा ठेवायच्या त्या."

तुला सगळं नीट समजावून सांगावं म्हणून लिहायला बसलो होतो. आता हा कागद घडी करून ठेवतो. तक्ता मला तोंडपाठ आहे. पण उद्या डब्यात तुझा गूळ निघाला, तर दिवस न मोजता पहिली गाडी पकडीन.