माझ्या नावानं माफी

दादा,

"प्रिय" लिहायले हात धजत नाही, म्हणून नुसतंच दादा.

ईस्टरच्या सकाळी तू चर्चमध्ये उपदेश करून राहिला होता. पहिल्या बाकावर सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्याचा मालक बसला होता. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, बांधकामं निघाली, लोखंडाची मागणी वाढली, म्हणून त्यानं तडे गेलेली भट्टी बंद केली नाही. त्याच भट्टीत माझा नवरा प्रभुदास जळून मेला. अन् तू म्हणाला, "आमचे जावई प्रभूजवळ जिवंत आहेत. माझ्या बहिणीनं सगळ्यांना माफ केलं."

मले न विचारता माझी माफी तू काहून वाटली?

पुनरुत्थान मीही मानते. त्याच आशेवर प्रभुदासले माती दिली. पण उठलेल्या येशूनं शंका घेणाऱ्या थोमाले हाताच्या जखमा दाखवल्या, लपवल्या नाहीत. तू मात्र प्रभुदासच्या जळालेल्या अंगावर स्वर्गाची चादर टाकून मोकळा झाला.

गुढियारीची कमला, जिच्या नवऱ्याचे डोळे त्याच भट्टीनं गेले, प्रार्थनेनंतर माझ्याजवळ आली. म्हणाली, "दीदी, सचमुच माफ कर दिया?"

"नाही," मी म्हटलं. तिचा हात धरून मालकासमोर गेले अन् सगळ्यांदेखत तेच सांगितलं. तू माईक बंद करायले धावला. माझ्याजवळ माईक नव्हताच.

उद्या आम्ही दोघी लेबर कोर्टात बयान देणार. हे पत्र पाठवत नाही. तू तिथं मालकाच्या बाजूनं उभा राहशील, तेव्हा तोंडावरच विचारीन: येशूच्या कबरीवरचा दगड सारणाऱ्या देवाचा तू सेवक, मग तोच दगड परत काहून लावून राहिला?

तुझीच बहीण, अजून तरी,
सरोज