'ब्रुक'चा अर्थ

देवास

प्रिय ईशानी,

परवा तू फोनवर विचारलंस, "आत्या, ब्रुक म्हणजे झरा ना? मग 'उशीर ब्रुक करणार नाही' असं कसं लिहितात?" तेव्हा कुकरच्या शिट्ट्यांत अर्धवटच सांगितलं. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते चैन पडू देईना. तुझी शाळा हिंदीतली, म्हणून अक्षर मोठं काढतेय. कुठे अडलीस तर मला फोन कर. बाबांकडून वाचून घेऊ नकोस.

झरा हा वेगळाच शब्द, नुसता दिसायला सारखा. हा 'ब्रुक' म्हणजे सहन करणं, आणि येतो बहुधा नकारातच. फार जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ होता वापरणं, उपभोगणं. पुढे अन्न पचवणं, आणि मग नुसतं सोसणं. आपल्याकडे तरी काय निराळं? देवापुढे ठेवतो तो भोग, नशिबी येतात तेही भोगच.

तुझे काका गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता सुभद्राला भोगावं लागणार. भोगून झालं होतं गं. माणूस वाईट नव्हता, पण काही मनासारखं नसलं की ताट सरकवून उठायचे, आणि मी दिवसभर माझी चूक शोधत बसायचे.

मागच्या हिवाळ्यात मला टायफॉइड झाला. आमच्या शाळेतले गणिताचे उमाशंकरजी, मूळचे सतवासचे, तेही एकटेच. ते रोज डबा आणायचे. खिचडी इतकी खारट की डोळ्यांत पाणी यावं! शेवटी मी म्हणाले, "सर, नमक बहुत है." कुणाच्या स्वयंपाकाला मी पहिल्यांदाच नावं ठेवली, आणि वाटलं, आता उठतील. त्यांनी चमचाभर चाखली, तोंड वाकडं केलं नि म्हणाले, "मॅडम, आप इतने दिन से ये खा कैसे रही थीं?" आम्ही एवढे हसलो की शेजारची गुंजन धावत आली.

आम्ही लग्न करतोय, ईशानी. कलेक्टर ऑफिसात नोटीस लागलीय. दादाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून रविवारी मीच धारला येतेय. तो चिडेल, घराण्याच्या अब्रूचा विषय काढेल. मी ऐकून घेईन, पण बेत बदलणार नाही. तू फक्त माझ्याजवळ बस, बोलली नाहीस तरी चालेल. आणि साडीचा रंग सुचवून ठेव. फिकट मुळीच नको.

तुझीच,
सुभद्राआत्या