दर पाचव्या टाक्याला गाठ

प्रिय धाकटे,

जाताजाता तू मला ज्या भानगडीत अडकवून गेलीस, तिच्यापायी मला आता सुईला हात लावायला बंदी झाली आहे. हो, मला! चाळीस वर्षं जिने अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले, तिला दर शनिवारी तीन ते पाच फक्त कापड कापायला बसवतात. हस, हस. हा नियम तुझ्याच लाडक्या मैत्रिणीने काढला आहे. व्हिडिओवर हातांनी सांगितलं असतं, पण तिथे तू माझं तोंड बघून अर्ध्यातच सगळं ओळखतेस आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतला तो हस्तकलेचा शनिवार, जो तू माझ्या गळ्यात बांधून गेलीस, तो म्हणजे माझ्यासारख्या बाईची सत्त्वपरीक्षा आहे. ऐकू न येणारे, न दिसणारे, चाकाच्या खुर्चीवरचे, गडबड-गोंगाट सहन न होणारे, सगळ्यांना या म्हणायचं. छान आहे, माझी ना नाही. पण ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून बंद, आणि मी खिडकीशी डोळे फोडत बसायचं. खुर्ची खाली जावी म्हणून टेबल विटांवर चढवलेलं, त्यामुळे माझी हनुवटी टेबलाला लागते. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात वर करून हलवायचे. घाई करा म्हणायचं नाही. कोणाच्या हातातलं काम घ्यायचं नाही. एखाद्याला दोन तास नुसती लोकर गुंडाळायची असेल तर गुंडाळू द्यायची. ग्रंथपाल बाईंनी हे सगळं फळ्यावर लिहून ठेवलंय आणि मी जरा पुढे वाकले की त्या फळ्याकडे बघतात. तू हे सहा वर्षं कसं केलंस, तूच जाणे. नाहीतरी तुला पन्नाशीला फर्निचरच्या कारखान्यात जाऊन रंधा मारायची हौस, तेव्हा तुझी गोष्टच वेगळी.

तर या मंडळींनी मुलांच्या वाचनखोलीसाठी पडदा करायचा घाट घातला. चोवीस चौकोन, प्रत्येकाचा एक, आणि मी ते जोडून द्यायचे. ते चौकोन बघून माझ्या अंगावर काटा आला. एकाचे टाके कोंबडी चालून गेल्यासारखे. नकाशेवाला म्हणून एक उंच गृहस्थ आहेत, नकाशे काढायच्या कचेरीत होते, बोलत नाहीत. त्यांनी कोपऱ्यात वीतभर दोरा तसाच लोंबता ठेवलेला. आणि टेलिफोन ऑपरेटर बाई, ज्यांना अजिबात दिसत नाही, त्यांच्या चौकोनात दर चार टाके सोडून एक गाठ! मला वाटलं, पडदा टांगल्यावर लोक येतील, हे बघतील आणि जिभेने चुकचुक करत म्हणतील, बिचारे. ते 'बिचारे' मला नको होतं, शपथ. इस्त्री करून आणते म्हणून मी चोवीसच्या चोवीस घरी आणले आणि चार दुपारी बसून उसवले. मग एकेक पुन्हा शिवला, रंग तेच ठेवून. माझी कंबर धरली, पण काम असं झालं की दुकानात मांडावं.

शनिवारी पडदा टेबलावर पसरला. वाहवा झाली, हात हलले. मी फुगून बसले होते. तेवढ्यात ऑपरेटर बाई आपल्या चौकोनावरून बोट फिरवायला लागल्या. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. म्हणाल्या, हा माझा नाही. मी म्हटलं, अहो तुमचाच. तर म्हणाल्या, मी दर पाचव्या टाक्याला गाठ घेते, म्हणजे कुठवर आले ते बोटाला कळतं, ती गाठ कुठे आहे? आता मला काय स्वप्न पडलं होतं? मला वाटलं, हात अडखळतोय. तिकडे नकाशेवाला आपला लोंबता दोरा शोधत होते. तो त्यांनी बोटांभोवती फिरवायला मुद्दाम ठेवलेला होता म्हणे. तो सापडेना तेव्हा ते टेबलाखाली जाऊन बसले आणि पाच वाजेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. एकेकजण आपापला चौकोन शोधायला लागला आणि कोणालाच आपला ओळखता येईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ग्रंथपाल बाईंनी खुणांनी तुझ्या मैत्रिणीला सगळं सांगितलं आणि स्वतः वरच्या मजल्यावरून उरलेलं कापड आणायला गेल्या. तुझी मैत्रीण लालबुंद झाली. ऑपरेटर बाईंकडे बोट करून मला हातांनी म्हणाली, यांना सांग, हिने आपल्याला न विचारता आपलं काम खाल्लं, हे सगळं उसवायचं आणि पुन्हा आपणच शिवायचं. हे मी सांगायचं, माझ्याच तोंडाने! आणि मी काय सांगितलं माहितीये? मी म्हटलं, ती म्हणते आहे, झालं ते झालं, पडदा छान दिसतोय, राहू द्या. तिला चालत असेल तर असो म्हणून ऑपरेटर बाईंनी मान हलवली. ती मान बघून तुझ्या मैत्रिणीला वाटलं, बाई आपल्या बाजूच्या आहेत. एकीला हात दिसत नाहीत, दुसरीला आवाज ऐकू येत नाही, आणि मधे मी. दोघी आपापल्या समजुतीने घरी गेल्या.

मला मात्र आठवडाभर अन्न गोड लागेना. चिडचिड नुसती. कुकरवर चिडले, शेजारणीवर चिडले, तुझ्यावर तर फारच चिडले. कारण ते खोटं माझ्या तोंडून इतकं अलगद निघालं होतं, की सवय असल्यावाचून निघत नाही. जित्याची खोड. पुढच्या शनिवारी मी उभी राहिले आणि तोंडाने नि हातांनी, दोन्हींनी, एकदमच सांगून टाकलं. कोणी आरडाओरडा केला नाही, तेच जास्त लागलं. ऑपरेटर बाई एवढंच म्हणाल्या, मी तिच्यावर आठवडाभर उगीच रुसून होते. मग सुईबंदी झाली. आता चोवीस चौकोन नव्याने चालले आहेत, गाठींसकट, आणि मी मुकाट्याने कापड कापते.

आता जे लिहायला बसले ते. तू एकोणीस वर्षांची होतीस. सुतारकामाच्या शाळेतल्या त्या मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, वसतिगृहात एकटी राहशील का? तू दोन्ही हातांनी म्हणालीस, राहीन, आजपासून राहीन. मी त्यांना म्हटलं, ती म्हणते, घर सोडून जमणार नाही, भीती वाटते. त्यांनी मायेने तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुला वाटलं, काम झालं. बाहेर आल्यावर मी तुला सांगितलं, जागा भरल्यात, आपल्याला उशीर झाला. बाबांचं नाव पुढे करता आलं असतं, पण बाबा तर जाऊ दे तिला म्हणत होते. घरची शिलाई सोडून मला दुकान टाकून तीनच महिने झाले होते आणि काजं करायला तुझ्यासारखा हात मला दुसरा मिळाला नसता. तीस वर्षं तू माझ्या दुकानात काजं केलीस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलीस की तुला तेव्हा उशीर झाला. उशीर झाला नव्हता. जागा होत्या. महिनाअखेरीस तू इकडे येशील, तेव्हा माझ्याकडे उतरायचं की मैत्रिणीकडे, ते तुझं तू ठरव. मैत्रिणीने मला विचारलं, तर मी म्हणेन, तिलाच विचार.

तुझीच, तू म्हणशील तर अजूनही,
ताई