उर्वीच्या यादीत मी केलेल्या सुधारणा

१० ऑगस्ट, रविवार
आज उर्वीने गेमिंग कॉम्प्युटरच्या पार्ट्सची यादी हातात ठेवली. सोबत दोन वर्षं साठवलेले अठरा हजार. तेवढेच मी घालायचे. मॉनिटरच्या जागी हॉलमधला टीव्ही. पोरगी अकरावीत आहे, हिशोबी आहे. माझ्यावर गेली.
बायको प्रभाचं म्हणणं, लातूरच्या भाऊजींना विचारा. भाऊजी म्हणजे माझे साडू श्रीमंतराव. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विचारणार नाही. बावीस वर्षं कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट आहे मी. पार्ट आणायचे, जोडायचे, बटण दाबायचं.
संकल्प: महालक्ष्म्यांच्या जेवणाला साडू नांदेडला येतील, तेव्हा मशीन चालू पाहिजे.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी ७.३०
यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले. पाचवा इंग्रजीत होता, अर्ध्यात सोडला. तोवर सगळं समजलंच होतं.
निष्कर्ष: कॉम्प्युटरचा खरा शत्रू उष्णता. नांदेडचा उन्हाळा चव्वेचाळीसला जातो. आणि उर्वीच्या यादीत कॅबिनेटपुढे काय लिहिलंय, तर ‘साधं’. अनुभव कमी पडतो, दुसरं काय.

१६ ऑगस्ट, शनिवार
वजिराबादेत बसलिंगप्पाच्या दुकानात गेलो. माणूस देगलूरकडचा, कमी बोलतो. यादीप्रमाणेच खरेदी चालली होती. तेवढ्यात ते कॅबिनेट दिसलं. बाजूला काच, आत सात पंखे, प्रत्येक पंख्यात रंग बदलणारे दिवे. मी मोहाला बळी पडणारा माणूस नाही. पंखे मोजले आणि विषय संपला.
अडचण एकच. कॅबिनेट घेतलं तर यादीतलं ग्राफिक्स कार्ड पैशात बसत नव्हतं. शांत डोक्याने विचार केला. कार्ड ही चित्र सुधारायची वस्तू. आमच्या टीव्हीचं चित्र मुळातच चांगलं आहे.
बसलिंगप्पा म्हणाला, या प्रोसेसरला कार्ड लागतंयच बघा सर. मी म्हणालो, पुढच्या टप्प्यात. तो पुन्हा तेच म्हणाला. गिऱ्हाइकाच्या गळ्यात जास्तीचा माल मारायची ही जुनी तऱ्हा. मी नुसता हसलो.

१७ ऑगस्ट
उर्वीने विचारलं, यादीप्रमाणेच घेतलं ना? सांगितलं, यादीपेक्षा भारी. हे खोटं नाही.
खोकी उघडू दिली नाहीत. नवी वस्तू मुहूर्तावर उघडावी. तिला सरप्राइजही राहील. प्रत्येक खोक्यावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि देवघराखाली ठेवली. प्रभा म्हणाली, आधी चालतंय का तर बघा. आधीच चालवून बघायचं तर मुहूर्त कशाला?

२३ ऑगस्ट
बिलाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, माल सात दिवसांत बदलून मिळेल. आज सातवा दिवस. बदलण्यासारखं काहीच नाही. खोकी पाहिली, कुंकू छान वाळलंय.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
अकराला जोडणी सुरू केली. दोन वाजेपर्यंत एक स्क्रू लागला. तो पुढे काढावा लागला.
उर्वी दोनदा मदतीला आली, दोनदा स्वयंपाकघरात पाठवली. मदरबोर्डला हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. तांदूळ रॅमच्या खाचेत गेले. लॅबमधल्या चिमट्याने एक दाणा काढला. एकच होता की दोन, हे आता आठवत नाही.
रात्री पाठ धरली. पण जोडणी पूर्ण. श्रीमंतरावांना फोन करून सहज कानावर घातलं.

३१ ऑगस्ट, महालक्ष्म्या आल्या
बटण दाबलं. सातही पंखे फिरले. दिवे निळे, मग जांभळे, मग हिरवे. पहिल्या झटक्यात.
टीव्हीवर मात्र ‘नो सिग्नल’. टीव्ही जुना झालाय, हे मी कधीपासून म्हणून राहिलो.
शेजारच्या केवळाबाईंचा टीव्ही आणून लावला. त्यावरही तेच. त्यांचाही खराब दिसतोय. त्यांना सांगितलं नाही, सणाचे दिवस आहेत.

१ सप्टेंबर, महालक्ष्मीपूजन
प्रभाने मशीन उचलून मखराशेजारी ठेवलं. म्हणाली, निदान उजेड तरी पडू द्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी देवीकडे आणि मग सगळ्या त्याच्याकडेच पाहत होत्या. केवळाबाईंनी विचारलं, हे लाइटिंग कुठून आणलं?
साडू आले. चहाच्या आधी वाकून काचेतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “साडूभाऊ, याला सोताचं चित्र न्हाई. कार्ड कुठंय?”
तेवढ्यात उर्वी पुरणपोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. तिने ऐकलं.
“बाबा, कार्डच नाही घेतलं?”
मी पंख्यांचं सांगायला लागलो. ती पूर्ण ऐकून घेत उभी राहिली आणि मग सगळ्यांना वाढत गेली. मलाही वाढलं. पाहुण्यांना करते तसा आग्रह मात्र केला नाही.

२ सप्टेंबर
कॅबिनेट परत करून कार्ड घ्यायचं ठरवलं. ही मूळ योजनेतलीच लवचिकता.
मशीन उकलण्याआधी नुसतं खोकं आणि बिल घेऊन विचारायला गेलो. बसलिंगप्पा बिल पाहून म्हणाला, सात दिवस कधीच झाले. तरी तुमच्यासाठी घेतलं असतं. मग खोकं फिरवून स्वस्तिक पाहिलं, आणि हात जोडले. खोक्याला नाही, मला.
“देवाचं कुंकू लागलेलं खोकं दुसऱ्याला कसं विकू, सर?”
यावर फिजिक्समध्ये उत्तर नाही.

३ सप्टेंबर
उर्वी चार दिवसांसाठी साडूंबरोबर लातूरला गेली. मशीन उकललं, पार्ट्स प्रभाच्या जुन्या साडीत गुंडाळून नेले. काचेचं कॅबिनेट गाडीत मावेना. खरं म्हणजे डिकी अर्धी रिकामी होती.

५ सप्टेंबर, सायंकाळी ६
उर्वीचा फोन. मशीन चालू झालं. काकांच्या दुकानातलं एक जुनं कार्ड आणि पत्र्याचा डबा. वीस मिनिटांत चित्र आलं. रॅमच्या खाचेतून तांदळाचा दाणा निघाला. आवाजावरून खूश वाटली. मी म्हणालो, रविवारी न्यायला येतो, येताना काय आणू?
“काहीच आणू नका, बाबा.”
मग म्हणाली, “साधं कॅबिनेट घेतलं असतं ना, तर उरलेल्या पैशात दुसरा कंट्रोलर येत होता. तुमच्यासाठी. दर शनिवारी आपण दोघं खेळू, असं ठरवलं होतं मी.”
वाईट वाटलं. फार.
तिला म्हणालो, तुझा आवाज तुटतोय. तुटत नव्हता.