रुचिताला प्रशिक्षण लागू पडल्याबद्दल

प्रिय यमे,

गिरीजहून तुझ्या रखमाक्काचा आशीर्वाद घे. तुझा गुडघा काय म्हणतो, भावोजींचा खोकला उतरला का, वालाला शेंगा धरल्या का, सगळं सविस्तर कळव. इकडे गुडघे आणि खोकले ठीक आहेत, बिघडली आहे ती फक्त सून. (मितेश लिहितोय. लिही रे, तुझी बायको असली म्हणून काय झालं.)

आमची रुचिता आणि तुझी सून संपदा दोघी गणिताच्या शिक्षकांच्या त्या प्रशिक्षणाला जात होत्या ना, तिथे त्यांना शिकवलं की मुलांना उत्तर सांगायचंच नाही, उलटा प्रश्न विचारायचा आणि त्यांच्याच डोक्यातून उत्तर काढायचं. मुलांचं ठीक आहे गं, माझ्या डोक्यात आता काढण्यासारखं काय उरलंय? परवा विचारलं, ही पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर? तर म्हणते, "तुम्हाला काय वाटतं आई? आणि तसं का वाटतं?" अगं, मला वाटून काय उपयोग? डॉक्टरला काय वाटलं ते पाकिटावर लिहिलंय, आणि मला अक्षर ओळखता येत नाही! डाळीत मीठ घातलंस का विचारलं, तर "कसं शोधता येईल?" शोधलं. दोनदा पडलं होतं. त्यात सुकेळी वाळवायला राखलेला राजेळी केळ्यांचा घड ही बाई अपूर्णांक शिकवायला शाळेत घेऊन गेली. अपूर्णांक पोरांनी खाल्ले. वर मला सांगते, "आई, आज वर्गात एकही पोर गप्प नव्हतं." तोंडात केळं असताना पोरं बोलत होती, म्हणजे वळण नाहीच.

तर मंगळवारी त्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायला लुसी मॅडम आल्या. वर्ग बघून झाल्यावर घरी आल्या. शिकवलेलं अंगी उतरलं का, हे घरच्यांनाही विचारतात म्हणे. सून आत चहा ठेवत होती, तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी गोळी, मीठ, घड, सगळं गाऱ्हाणं घातलं. मॅडमचं तोंड उतरेल म्हटलं, तर ती बाई खुलतच गेली!

"आजी, घरीसुद्धा उत्तर देत नाहीत?"

"डोकं आपटलं तरी देत नाही," मी म्हटलं.

"वा!" म्हणाली आणि लिहून घेतलं. माझ्या तक्रारीने सुनेचे गुण वाढताहेत हे ध्यानात येईपर्यंत चहा संपला होता.

जाताना सांगून गेल्या, इतर शिक्षकांना तयार करायला एकीलाच सहा महिने पुण्याला धाडणार, आणि रुचिता नि संपदा दोघीच उरल्यात. जाईल ती जावो, मला काय! पुण्याच्या सासवा सोसतील. मला मेलं घरात एक सरळ उत्तर मिळालं तरी पुष्कळ.

तुझी,
रखमाक्का

ता. क. तुझा फोन संपदाच उचलते, म्हणून हे पत्र. मितेश तुझ्याच हातात देईल. चौथी शिकलीस, स्वतः वाच. शुक्रवारी लुसी मॅडम गासला तुमच्याकडे येतील, तेव्हा संपदाचं तोंडभर कौतुक कर. म्हणावं, विचारायचा अवकाश, फाडकन उत्तर देते. बहिणीसाठी एवढं कर.

आणखी एक. काल रुचिताला विचारलं, तुला जायचंय का गं पुण्याला? म्हटलं, आता मलाच विचारेल काय वाटतं ते. तर ओटा पुसता पुसता "हो" म्हणाली. नुसतं "हो". मान वर न करता. म्हणून आज मितेशला लिहायला बसवलं.

शेवटचं. संपदालाही विचारून बघ. तिचंही "हो" आलं, तर मला कळवू नकोस.