डाव्या चाकातली कंपनीची चूक

३ मार्च, सकाळी ८
गाडीचं पुढचं डावं चाक कण्हतंय. निदान तत्काळ केलं: बेअरिंगला ग्रीस हवं. गॅरेजवाला म्हणाला, आणून ठेवा, दुपारपर्यंत देतो, तुम्ही मात्र हात लावू नका. हे शेवटचं खटकलं. ज्याने तेहतीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या चुका लाल पेनाने काढल्या, त्याला एक नट काढता येऊ नये? रिटायर मी झालोय, माझे हात नाही.

मुलीची लायसन्सची टेस्ट १५ला आहे. पास झाली तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्यातली नोकरी पक्की. टेस्ट हुकली तर पुढची तारीख थेट मे महिन्यात, आणि नोकरी दुसऱ्याला. तिचा हात याच गाडीवर बसलाय. तिला सांगितलं, परवा गाडी तयार. बरं म्हणाली. गुणी पोर.

३ मार्च, दुपारी १
नट सुटत नाही. हट्टी आहे. मीही.

३ मार्च, दुपारी ४
पान्याला चार फुटी पाइप लावला आणि त्यावर चक्क उभा राहिलो. कटकन आवाज झाला, नट गरागरा फिरायला लागला. विजय! हिने खिडकीतून विचारलं, काय मोडलं? बायकांना यशाचा आवाज ओळखू येत नाही.

४ मार्च
नट फिरतो, पण बाहेर येत नाही. शेवटी पहारीने उचकटला.

हिला सगळं समजावून सांगितलं. चाक ज्या दांड्यावर फिरतं तो स्पिंडल. त्याच्या टोकाला आटे. आट्यांवर नट, नटाच्या जिवावर चाक. हिने विचारलं, आणि आटे गेले तर? म्हटलं, तर चाक जातं. मग खाली हा लोखंडाचा भुगा कसला, म्हणाली. उत्तर द्यायची गरज वाटली नाही. आटे किंचित दुखावलेत, इतकंच. हल्ली लोखंडात दम राहिला नाही. (गाडी तीस वर्षं जुनी आहे. तेव्हाही नव्हता.)

६ मार्च
काम सोपं आहे. तिकोनी कानस घ्यायची, आट्यांच्या खाचा साफ करायच्या. दोन तास घासलं. बोट कापलं. निश्चय: रोज सकाळी सहा ते आठ स्पिंडल. एकही दिवस खाडा नाही.

७ मार्च
साडेनऊला उठलो. बोट दुखतंय.

९ मार्च
मोठा शोध! उरल्यासुरल्या आट्यांचा उतार चुकीच्या बाजूला आहे. खात्री करायला उजवं चाक काढलं. तिथला नट लोण्यासारखा सुटला. तिथले आटे एका बाजूला कललेले, इथले बरोबर उलट! म्हणजे डावीकडे कंपनीनेच घोळ घातलाय, आणि तीस वर्षं एकाही मिस्त्रीच्या लक्षात आलं नाही. त्याला पारखी नजर लागते. हिला दाखवलं. म्हणाली, मुद्दाम केलं असेल. म्हटलं, कंपनी मुद्दाम कशाला चूक करेल? गप्प झाली. पटलं असावं.

१० मार्च
आटे पाडायची डाय आणली, उजव्या नटाच्या मापाची. सोबत नवा नट. दुकानदाराने विचारलं, कुठल्या बाजूचं चाक? म्हटलं, तुम्ही सामान द्या, बाजू मी बघतो. उगाच नाक खुपसायची सवय असते लोकांना.

रात्री कंपनीला पत्राचा मसुदा केला. 'आपल्या नजरचुकीकडे लक्ष वेधू इच्छितो.' भाषा सौम्य ठेवलीय. आपण मोठेपणा दाखवावा.

१२ मार्च
डाय फिरवली. जुने आटे आणि नवे आटे मिळून छान जाळी झालीय. पकड उलट वाढणार. नट दोन वेढे चढला, तिसऱ्याला डुलायला लागला. प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली, दोन वॉशर ठोकले. आता हत्तीने ओढलं तरी हलायचा नाही.

मुलीने विचारलं, बाबा, नक्की होईल ना? नसेल होणार तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही. मग मीच रागावलो. बापावर भरवसा नाही? ती वाकून चाकाकडे बघायला लागली. मला जरा कसंसंच झालं. पण आता माघार म्हणजे गॅरेजवाल्यापुढे नाक घासणं.

१५ मार्च, सकाळी साडेसात
टेस्ट नऊला. आधी फाटकापर्यंत मी स्वतः चालवून दाखवतो म्हटलं. सगळ्यांना अंगणात बोलावलंय.

१५ मार्च, सकाळी पावणेआठ
नऊ फूट. तेवढ्यावर चाक एकटंच पुढे निघालं, फाटकाबाहेर गेलं, रस्ताही ओलांडला. गाडी डाव्या गुडघ्यावर बसली.

समोर मेहुण्याची गाडी उभी, इंजिन चालू. म्हटलं, नशीब बघा, हा नेमका आला! मुलगी त्याच्या गाडीत जाऊन बसली. ही म्हणाली, नेमका कसला, भावाला मी तीन तारखेलाच सांगून ठेवलं होतं, तो आवाज ऐकला तेव्हाच. आणि पोरगी रोज सकाळी सहा ते आठ त्याच्या गाडीवर सराव करत होती. मी झोपेत असताना.

मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मान वर करून भांडलो तरी असतो.

१५ मार्च, दुपारी २
पास! पहिल्या फटक्यात. आनंद झाला. मनापासून झाला. डोळ्याला ग्रीसचा हात लागला, म्हणून पाणी आलं.

१८ मार्च
गॅरेजवाल्याने स्पिंडल उतरवून दिला. मुलगी मला मामाच्या गाडीत शेजारी बसवून आटे पाडणाऱ्या लेथवाल्याकडे घेऊन गेली. चालवत तीच होती. स्पिंडल माझ्या मांडीवर.

लेथवाला आम्हाला ओळखत नव्हता. त्याने चष्मा कपाळावर चढवून स्पिंडल फिरवून पाहिला. म्हणाला, या गाड्यांत डावीकडे आटे उलटेच असतात, चाकाच्या फिरण्याने नट सुटू नये म्हणून. तो उलटा फिरवून काढायचा असतो. इथे कोणीतरी आपण नट काढतोय असं समजून तो आवळत बसला, आटे तोडले, आणि वर सरळ डाय फिरवून ठेवली. आता वेल्डिंगचा भराव घालून आटे नव्याने पाडावे लागतील.

मग विचारलं, हा पराक्रम कोणाचा?

मी घसा खाकरला. मुलगी पटकन म्हणाली, आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत.

लेथवाला म्हणाला, त्यांना गाडीच्या आसपास फिरकू देऊ नका. ती म्हणाली, नाही फिरकू देणार. त्याने दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, काही लोकांना कळतच नाही हो.