बंबघराखालची जमीन आणि बाहेरचा साक्षीदार

मी, आर्डिथ लॉक्स, कै. मर्विन लॉक्स यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार बिकरविल, कॉफरोथ टाउनशिप, पेनसिल्वेनिया, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून सहीही मागितलेली नाही. आधीचे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात सगळेच पुतण्याला दिले होते, आणि त्या ‘सगळ्यात’ काय काय येते हे मला ठाऊक नव्हते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझा पुतण्या कर्टिस यास. तो अ‍ॅरिझोनात असतो, दर रविवारी फोन करतो आणि माझी तीच ती दुखणी नव्याने ऐकल्यासारखी ऐकतो. घर विकायचे तर त्याने खुशाल विकावे. स्वयंपाकघरातील पडदे सासूबाईंच्या पसंतीचे आहेत, त्यांचा दोष माझ्यावर येऊ नये.

२. मर्विनची सर्व हत्यारे शेजारी लेरॉय यास. बर्फ पडला की मी उठण्याआधी माझी वाट मोकळी झालेली असते, आणि आभार मानायला दार उघडावे तर हा पसार. इथे लिहून ठेवले आहे, आता पळून दाखव.

३. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे बंबघर ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन दलास, कायमची. हे कलम का घालावे लागले ते सांगणे भाग आहे.

दलाला जागा हवी होती तेव्हा माझे सासरे रस्त्याकडेच्या शेतात उभे राहून म्हणाले, “बांधा इथे,” आणि हात मिळवला. आमच्याकडे हात मिळवला की व्यवहार पुरा. कागद मागणे म्हणजे समोरच्याला खोटे ठरवणे. म्हणून कोणी मागितला नाही. मर्विनने त्या बंबघरात उभे आयुष्य काढले, तिथून कितीतरी आगी विझवायला गेला, पण जमीन आपल्याच नावावर आहे हे त्यालाही कळले नाही. या उन्हाळ्यात वकील ओबरहोल्झर यांनी ते शोधून काढले. मी तशीच गेले असते तर जमीन कर्टिसकडे गेली असती, आणि त्याला बिचाऱ्याला काय कल्पना. गोदामे बांधणारी माणसे टाउनशिपभर जमिनी विचारत हिंडतच आहेत. मग आगीचा बंब शेजारच्या टाउनशिपहून, डोंगर ओलांडून आला असता. तोवर घर उरते का?

४. मक्याच्या सूपचा मोठा हंडा दलाच्या स्वयंपाकघरास. या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात हा हंडा ग्लेंडा रोरबॉ हिच्या नावे होता. ते का बदलले तेही लिहिते.

दलाच्या खर्चासाठी दर ऑगस्टमध्ये आम्ही गावात सूप विकतो, आणि ग्लेंडा आणि मी एकाच हंड्यावर ते ढवळत होतो. तिला त्यात केशर हवे होते, मला नको होते. एका ऑगस्टमध्ये तिने माझी पाठ वळताच ते टाकले, मी चारचौघांत बोलले, आणि ती ॲप्रन खुंटीला लावून निघून गेली. दलाचे सभासदत्वही सोडले. तीस वर्षे आम्ही एकमेकींकडे पाहिले नाही.

यंदा वसंतात टाउनशिपच्या, म्हणजे आमच्या गावकारभाराच्या, मासिक सभेत स्वयंसेवकांचा गौरव होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मी हिवाळाभर दिसले नव्हते, म्हणून सचिव टॅमी वाइरिक हिने माझे नाव दिवंगतांत घातले. मी उशिरा पोचले. सगळे मान खाली घालून उभे होते, मीही शेवटच्या रांगेत उभी राहिले, कोण गेले असेल याचा विचार करत. मग नाव वाचले ते माझेच. बसावे की उभे राहावे, कळेना.

पुढे गावकऱ्यांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटे असतात. एरवी ती खड्डे आणि भुंकणारी कुत्री यांवर जातात. त्या दिवशी पुढच्या रांगेतून ग्लेंडा उठली.

“आर्डिथ हट्टी होती, तोंडाळ होती, आणि केशरातलं तिला काही कळत नव्हतं,” ती म्हणाली. “पण आमच्या भांडणाआधी आमचा गोठा पेटला, माझा नवरा आत अडकला, तेव्हा त्याला बाहेर काढेपर्यंत ही मला मिठी मारून चिखलात बसली होती. सोडलंच नाही मला. हे तिला कधी सांगितलं नाही मी. आता कुणाला सांगू?”

“मलाच सांग,” मी मागून म्हणाले.

ती वळली. “मेली नाहीस होय?”

“अजून नाही.”

“मग बोललेलं परत घेऊ?”

“राहू दे गं. बरं वाटलं.”

टॅमी अजून माफी मागते. तिने ती मागू नये. आपली श्रद्धांजली आपल्याच कानांनी ऐकण्याचे भाग्य किती जणांना लाभते? मी तिची आणि या गावाची ऋणी आहे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील ओबरहोल्झर यांनी करावी. जमीन दलाला जाते, तेव्हा दलाच्या सभासदाची साक्ष नको, उद्या कोणी बोट दाखवेल, असे त्यांनी बजावले. त्यांच्या कचेरीत टंकलेखिका एकटीच. दुसरा साक्षीदार मला ओळखणारा हवा, म्हणून शोधू लागले, तर बिकरविलमध्ये जो बंबावर नाही तो स्वयंपाकघरात आहे. उरली एकटी ग्लेंडा. ती दलात परतायला निघालीच होती. अर्ज पर्समध्ये घेऊन फिरत होती.

वकिलांनी तिला स्पष्ट विचारले, हंडा घेणार की साक्ष देणार? साक्षीदाराला काही मिळता कामा नये.

“सही करते,” ती म्हणाली. “भांडले नसते तर आज मी तुमच्या काय कामाची होते?”

स्थळ: बिकरविल. दिनांक: १४ ऑगस्ट २०२३.

मृत्युपत्र करणार: आर्डिथ लॉक्स (सही)

साक्षीदार: जोआन फ्राय, टंकलेखिका (सही)

साक्षीदार: ग्लेंडा रोरबॉ (सही). आर्डिथने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. मला यातून काहीही मिळत नाही. ही सही करेपर्यंत मी दलाची सभासद नाही.